डावखुऱ्या राजाचा डगला

काचेच्या पेटीतल्या त्या डगल्याकडे बघता बघता मास्तरीणबाईंच्या हातातली पाण्याची बाटली सुटली आणि टुणटुण उड्या मारत थेट पहारेकऱ्याच्या बुटाशी जाऊन थांबली. पहारेकऱ्याने बाटलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंचा आ वासलेला होता आणि तो मिटायचं नाव घेत नव्हता.

"अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "हा आपला डगला."

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. बेचाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलेला माणूस, गळ्यात टेप नसेल तर त्यांना उघडंवाघडं वाटे. परदेशातसुद्धा टेप गळ्यातच होती. लेकीने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आईबापांना या सहलीवर धाडलं होतं. फॉर्मवर 'ऐतिहासिक स्थळे' आणि 'समुद्रात डुबकी' असे दोन चौकोन होते, मास्तरांनी चष्मा न लावताच दोन्हींवर खुणा करून टाकल्या होत्या.

"गप्प बस," मास्तर दातांतल्या दातांत म्हणाले. "परका मुलूख आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाचा डगला आहे तो. पाटी वाच."

"पाटी मला वाचता येत नाही, काजं येतात. अकरा काजं आहेत, मोजा. प्रत्येकाच्या टोकाला चिमणीचा पाय. ही आमच्या आईची खूण, जगात दुसरं कुणी घालत नाही. आणि चौथं काज तिरकं आहे."

मास्तरांनी मोजलं. अकरा. चौथं तिरकं. त्यांचा चेहरा इस्त्री न केलेल्या धोतरासारखा झाला.

एवढ्यात सहलीची वाटाडी आली. तिच्या हातात कायम निळी छत्री उंच धरलेली, म्हणून सगळे तिला छत्रीवाली म्हणत. मुलगी आपल्याच भाषेतली, पण इतिहास असा घडाघडा बोलायची की जणू राजाच्या मांडीवरच वाढली होती.

"मंडळी, या शहराचा हा लाडका डावखुरा राजा! त्याचं जहाज समोरच्याच खाडीत बुडालं. वीसेक वर्षांपूर्वी पाणबुड्यांना एक पेटी सापडली, त्यात हा डगला. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही मखमलीचा एक धागा कुजला नाही. तज्ज्ञ थक्क झाले!"

"नायलॉन कशाला कुजतंय," मास्तर पुटपुटले, आणि आपण काय बोललो हे कळताच त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"आणि गंमत बघा, पुरुषाच्या अंगरख्याला काजं डाव्या बाजूला असतात. याला उजव्या बाजूला आहेत. म्हणजे बटणं लावायला राजा डावा हात वापरत असणार! त्यावरून राजा डावखुरा होता हे सिद्ध झालं. चौकातला पुतळा पाहिलात ना? तलवार डाव्या हातात. इथल्या शाळांत डावखुऱ्या मुलांना पहिल्या बाकावर बसवतात."

आता बाटली हातात नव्हती, नाहीतर मास्तरांनीही सोडली असती. कारण ती काजं उजव्या बाजूला का होती, हे पृथ्वीवर दोनच माणसांना ठाऊक होतं आणि ती दोघं त्या काचेपुढे उभी होती.

झालं होतं असं. एकोणतीस वर्षांपूर्वी एका नाटक कंपनीने राजाचा डगला शिवायला दिला. गुडघ्याखाली लोळणारा, खोट्या जरीचा. संध्याकाळी पेट्या बंदरावर जायच्या होत्या आणि दुपारचे तीन वाजले तरी काजं व्हायची होती. मास्तरीणबाईंनी जन्मभर बायकांचे ब्लाउज शिवलेले. घाईघाईत हात सवयीने चालला आणि अकराच्या अकरा काजं बायकी बाजूला पडली. मास्तरांनी ते पाहिलं तेव्हा नाटकवाल्यांचा माणूस दारात उभा होता. डगला तसाच, नाटकातल्या मुकुट-तलवारीबरोबर, पेटीत गेला, पेटी जहाजावर गेली आणि जहाज एका परक्या खाडीत वादळात सापडलं तेव्हा भार हलका करायला खलाशांनी पहिली तीच पेटी पाण्यात लोटली. नाटक कंपनीचा मालक परत येऊन रडला होता. मास्तर मात्र तेव्हापासून बायकोला पुरुषाच्या कपड्याचं एक काज करू देत नव्हते. "नको बाई," म्हणायचे, "राजाची राणी करशील."

एवढ्यावर थांबलं असतं तर मास्तरीणबाई हसल्या असत्या. पण छत्रीवालीने छत्री भिंतीवरच्या एका मोठ्या काळ्या फोटोकडे वळवली.

"आणि हे या डगल्याचं गुपित! क्ष-किरणांनी काढलेला फोटो आहे. खालच्या घेराची जी दुमड आहे, तिच्या आत बघा, इवलीशी वाटी दिसतेय. ही विषाची वाटी. शत्रूच्या हाती सापडलो तर प्यायची म्हणून राजाने शिवून घेतली होती. डगल्याला सुई लावायची कुणाची हिंमत नाही, म्हणून ती अजून आतच आहे."

मास्तरीणबाई खाली बसल्या. खुर्ची नव्हती, तरी बसल्या.

वाटी कसली डोंबलाची. ते अंगुस्तान होतं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती टोपी.

त्या दुपारी घरातून दोन अंगुस्तानं नाहीशी झाली होती. एक मास्तरीणबाईंचं, चांदीचं, आईने मरताना बोटातून काढून दिलेलं. दुसरं थोरल्या जाऊबाईंचं, साधं पितळी. जाऊबाई डगल्याची दुमड घालायला मदतीला बसल्या होत्या. आपलं चांदीचं दिसेना म्हटल्यावर मास्तरीणबाईंनी आकाशपाताळ एक केलं. जाऊबाई म्हणाल्या, "माझंही गेलंय, तूच घेतलंस." मास्तरीणबाई म्हणाल्या, "चोराच्या उलट्या बोंबा." आणि मग भाचीच्या लग्नात, भरल्या मांडवात, दोनशे माणसांच्या देखत त्यांनी जाऊबाईंना चोर म्हटलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. थोरले दीर गेले तेव्हा मास्तरीणबाई त्यांच्या जिन्यापर्यंत गेल्या, चार पायऱ्या चढल्या आणि परत फिरल्या. त्या चार पायऱ्या अजून त्यांच्या छातीत रुतलेल्या होत्या.

आणि आता त्यांचं अंगुस्तान इथे, राजाच्या घेरात, विष होऊन बसलेलं!

"मी तिला चोर म्हटलं," फरशीवर बसून त्या म्हणाल्या. "अहो, दोनशे माणसांत चोर म्हटलं. आणि ते मीच शिवून टाकलं होतं."

"काजांवरून काही सिद्ध होत नाही," मास्तर त्यांना उठवत म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. "काज कुणीही तिरकं करेल."

"मग पेटी? पेटी तुम्ही स्वतः बांधलीत. झाकणावर आपल्या दुकानाचा पत्रा ठोकला होतात, कात्रीचं चित्र आणि कामाचा नंबर. छत्रीवाले, कुठे आहे ती पेटी?"

"ती खालीच ठेवलीय, काकू. समुद्राच्या तळाशी, जिथे सापडली तिथेच. उद्याच्या डुबकीत तेच तर बघायचंय." छत्रीवालीने यादी पाहिली आणि तिचे डोळे विस्फारले. "अय्या! तुम्हा दोघांचीही नावं आहेत की!"

मास्तरांनी त्या क्षणी आपल्या चष्म्याला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर दोघांना रबराचे काळे पोशाख चढवले. चढवले म्हणजे दोघातिघांनी मिळून उशीच्या अभ्र्यात गादी कोंबावी तसे कोंबले. पाणबुड्यांचा म्होरक्या रेड्याएवढा गडी, पण आवाज मैनेसारखा. मास्तरांनी आरशात पाहून नापसंतीने मान हलवली. "खांद्यात दाटतोय, बगलेत सैल. कुणी बेतला हा?" गळ्यातली टेप काढायला मात्र ते तयार होईनात. म्होरक्याने हात जोडले, पाय आपटले, शेवटी टेपेला गाठ मारून दिली.

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून म्होरक्याने खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. मास्तर तेव्हा बगलेचं माप बघत होते. त्यामुळे खाली जाताच म्होरक्याने 'ठीक ना?' असं खुणेने विचारलं, तेव्हा मास्तरांनी दिमाखात अंगठा वर केला. म्होरक्या त्यांना झपाट्याने वर घेऊन आला. "अहो, झकास चाललं होतं की!" मास्तर वर येऊन ओरडले. पुन्हा खाली. पुन्हा अंगठा. पुन्हा वर. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा म्होरक्याने त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी लावली, तेव्हा कुठे मास्तर समुद्राच्या तळाला लागले.

मास्तरीणबाई तोवर पोचल्या होत्या. लहानपणी विहिरीत तळाची माती काढून दाखवायच्या पैजा मारलेली बाई ती. तिला समुद्र म्हणजे काय, पाणी जरा खारट इतकंच. तळाशी वाळूत पेटी बसली होती, भोवती दोरी लावलेली, आणि आत, खोटं सांगत असेन तर जीभ झडो, एक अष्टपाद बसला होता. डोक्यावर पत्र्याचा मुकुट. एका पायात लाकडी तलवार. शहराच्या पुस्तकात या मालाला राजाचा खजिना म्हणत.

अष्टपादाची नजर मास्तरांच्या टेपेवर गेली. त्याने एक पाय लांब करून टेपेचं टोक धरलं. आता दुसरा कुणी असता तर घाबरून गेला असता. पण समोरून कुणी टेपेचं टोक धरलं की मास्तरांचे हात आपोआप चालू होतात. त्यांनी त्याची एक बाही मोजली. मग दुसरी. आठही बाह्यांची मापं घेऊन झाली तेव्हा अष्टपाद इतका संकोचला की मुकुट टाकून, रंग बदलून, खडकामागे निघून गेला.

पेटी रिकामी झाली. मास्तरीणबाईंनी दोरीच्या अलीकडूनच झाकणापुढे हाताने पाणी ढवळलं. गाळाचा पडदा उठला, विरला. खाली पत्रा होता. पत्र्यावर कात्री. कात्रीखाली एकशे अठरा.

तोंडात हवेची नळी आहे हे विसरून मास्तरीणबाई किंचाळल्या. एवढे बुडबुडे निघाले की वर बोटीवरच्या लोकांना वाटलं, समुद्राला उकळी फुटली. म्होरक्या घाबरून त्यांच्याकडे धावला. आणि मास्तर? मास्तर एकशे अठराकडे बघत अंगठे वर करायचा आटापिटा करत होते. या खेपेला त्यांना खरंच वर जायचं होतं.

"झालं ते झालं," बोटीवर दात वाजत असताना ते म्हणाले. "आता तोंडातून चकार शब्द काढू नकोस. आख्खं गाव त्या डगल्यावर उभं आहे. पुतळा, शाळा, बोटी. सांगितलंस तर आपल्याला दगड मारतील, उजव्या हाताने."

"मला त्यांचा राजा नको. मला माझं अंगुस्तान हवंय. ते घेऊन मला पायऱ्या चढायच्यात."

"पायऱ्या? कुठल्या?"

"वर राहिलेल्या."

चाळीस वर्षांत मास्तरांना एक गोष्ट कळली होती, बायकोने दोरा दातांनी तोडला की शिवण संपली.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई साठीच्या, बारीक, केस आखूड कापलेल्या. त्यांच्या खोलीत पुस्तकांच्या चळती आणि खिडकीत एक मरायला टेकलेलं रोपटं. छत्रीवाली दुभाषी म्हणून बसली आणि मास्तरीणबाईंचं एकेक वाक्य सांगताना स्वतःच पांढरी पडत गेली. ब्लाउजची सवय. तिरकं काज. कात्रीचा पत्रा. एकशे अठरा. सगळं सांगून झाल्यावर तिने छत्री मांडीवर आडवी घेतली आणि घट्ट धरून ठेवली.

प्रमुख बाई उठल्या. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. बाईंनी जाऊन दार आतून लावलं.

"त्या म्हणतायत," छत्रीवाली अडखळली, "त्या म्हणतायत, नायलॉन आहे हे त्यांना इथे लागल्याच्या पहिल्याच दिवशी कळलं. सहा वर्षं झाली. कुणीतरी येऊन विचारेल म्हणून त्या वाट बघतायत. कुणी आलंच नाही."

खोलीत तिघांचे जबडे एकदम खाली आले.

"राजा खरंच होऊन गेला, म्हणतायत. जहाजही खरंच बुडालं. फक्त डगला त्याचा नाही. पण हे सांगायला त्यांना तोंड नाही. लोक त्या डगल्यापुढे उभे राहून मुलांची नावं ठेवतात."

"मी कुठे सांगतेय?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "वीतभर दुमड उसवू द्या. परत अशी घालीन की राजालाही कळणार नाही."

प्रमुख बाईंनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय उघडायच्या आधी काचेची पेटी उघडली. डगला टेबलावर पसरला. मास्तरीणबाईंनी पर्समधली सुई काढली आणि एकेक टाका उचलू लागल्या. दुमडीचा बराचसा भाग जाऊबाईंच्या हातचा होता, लहान, एकसारखे, मुंगीच्या पावलांसारखे टाके. तिथून पुढे त्यांचे स्वतःचे, लांब ढांगांचे. आणि तिथेच त्यांना ते आठवलं. जाऊबाईंचं तान्हं पोर रडायला लागलं होतं. चौथं काज त्याच किंकाळीने तिरकं झालं होतं. जाऊबाई हातातलं तसंच टाकून उठल्या. "एवढी वीतभर राहिलीय, घाल गं." आणि त्यांनी घातली होती, आत न बघता.

शेवटचा टाका निघाला. टेबलावर टिक्कन काहीतरी पडलं, गोल फिरलं, थांबलं.

पितळी.

आतून लाल दोरा गुंडाळलेलं पितळी अंगुस्तान. जाऊबाईंचं बोट बारीक, अंगुस्तान सैल व्हायचं, म्हणून त्या दोरा गुंडाळायच्या.

"तुझं नाही हे," मास्तर म्हणाले.

"जाऊबाईंचं." बाईंनी टेबल धरलं. "त्या म्हणायच्या माझंही गेलंय, तूच घेतलंस. मला वाटायचं, कांगावा. अहो, मीच घेतलं होतं. चोर मी!"

मास्तरांना एरवी अशा वेळी एखादा टोमणा सुचला असता. आज त्यांनी खिशातून आपलं लोखंडी अंगुस्तान काढलं आणि दुमडीत सारलं. "विषाची वाटी जागेवर हवी," एवढंच म्हणाले. मास्तरीणबाईंनी दुमड घातली. या वेळी मुंगीच्या पावलांनी.

प्रमुख बाईंनी काजांवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. छत्रीवाली म्हणाली, "काका, त्या विचारतायत, ही चुकलेली काजं..."

"त्यांना सांग," मास्तर ताडकन म्हणाले, "काजांना हात लावायचा नाही. काजं बरोबर आहेत."

मास्तरीणबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. सहलीतला सगळ्यात मोठा धक्का कुठला, असं त्यांना पुढे कुणी विचारलं तर त्या समुद्राचं नाव घेत नसत.

घरी परतल्यावर सामान न उघडताच त्या जाऊबाईंच्या जिन्याशी गेल्या. चौथ्या पायरीवर पाय अडला. मुठीतलं पितळ टोचलं. पाचवी चढल्या, मग बाकीच्या आपोआप चढल्या गेल्या.

दार जाऊबाईंनीच उघडलं. केस पांढरे, पाठ वाकलेली, डोळे तेच.

"जाऊबाई," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि पाठ केलेलं सगळं विसरल्या. नुसता हात पुढे करून मूठ उघडली.

जाऊबाईंनी अंगुस्तान उचललं, आतला लाल दोरा बघितला. बोटात घातलं. अजून सैलच होतं.

"कुठे होतं?"

"डगल्याच्या दुमडीत. तुम्ही पोराला घ्यायला उठलात, आणि मी आत न बघता शिवलं. तुमची काही चूक नव्हती. मी तुम्हाला भर मांडवात चोर म्हटलं, जाऊबाई. माझ्या जिभेला..."

"थांब."

जाऊबाई आत गेल्या. डबे वाजले. परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर चांदीचं अंगुस्तान होतं, घासून लखलखीत केलेलं.

मास्तरीणबाई उंबऱ्यावर खिळल्या.

"त्या दुपारी परत येते तर माझं गायब," जाऊबाई म्हणाल्या. "मला खात्रीच पटली, तू घेतलंस. म्हणून मी तुझं उचललं. म्हटलं, तू माझं दिलंस की तुझं देईन."

"म्हणजे मी तुम्हाला चोर म्हणत होते ते..."

"खरंच होतं की! म्हणून तर इतकं झोंबलं." जाऊबाईंनी चांदीचं अंगुस्तान पुढे केलं. "दर वेळी दिवाणखाना झाडताना वाटायचं, जावं आणि देऊन यावं. पण आधी तू यायचीस ना गं. पायरीवर उभी होतीस त्या दिवशी, मी वरून पाहिलं. वाटलं, आता येते, मग येते. तू फिरलीस."

दोघी चोर उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडल्या. मग आधी कोण हसलं ते दोघींनाही सांगता येत नाही.

आत बसल्यावर मास्तरीणबाईंनी सगळी हकिगत सांगितली. राजा, पुतळा, विषाची वाटी, मुकुट घातलेला अष्टपाद, त्याच्या आठ बाह्या. जाऊबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"समुद्राच्या तळाशी गेलीस? तू?"

"आईशप्पथ!"

"चोरी केली हे मी कबूल करते," जाऊबाई म्हणाल्या, "पण इतकी मोठी थाप नाही बाई ऐकून घेणार." त्यांनी शिवणाच्या टोपलीतून नातवाचा अर्धवट सदरा काढला आणि जावेच्या मांडीवर टाकला. "घे, वीतभर दुमड राहिलीय. आणि शिवायच्या आधी आत बघ."